र. धों. कर्वे : प्रश्नांना उत्तर देणारा माणूस



१४ जानेवारी म्हटलं की आपल्याला संक्रांत आठवते, तिळगूळ आठवतो. याच तारखेला, १८८२ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. गोड बोलण्याच्या दिवशी जन्मलेल्या या माणसानं आयुष्यभर गोड नाही, पण स्पष्ट बोलण्याचं व्रत घेतलं.

त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. चौथीच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, बाई, बाळ कुठून येतं? मी गडबडले आणि दवाखान्यातून आणतात असं सांगून मोकळी झाले. वर्ग हसला. आमच्या कळसची मुलं ती! गोठ्यात शेळी व्यालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. खोटं बोलल्याचं मुलांना कळलं होतं. त्या दिवशी मला कर्वे आठवले.

बालपण व शिक्षण :

रघुनाथराव हे स्त्रीशिक्षणाचे कार्य करणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. कोकणातल्या मुरूडचं हे घराणं. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. पुढे त्यांनी ज्या कामाला वाहून घेतलं, त्याच्याशी या घटनेचा संबंध जोडल्याशिवाय राहवत नाही. मुलगा हुशार होता. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले.

नोकरी की काम?

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं असं पहिलं केंद्र म्हणून ते ओळखलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचंही केंद्र उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. वारंवारच्या बाळंतपणांनी बाई खंगते, मरते, आणि ते टाळता येतं, एवढं साधं म्हणणं होतं. पण ते उघड बोलणारा प्राध्यापक विल्सन कॉलेजला चालला नाही. १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. विचार करा, महिन्याचा पगार बंद! पण काम बंद झालं नाही. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी होत्या. या दोघांनी विचारपूर्वक स्वतःला मूल होऊ दिलं नाही.

समाजस्वास्थ्य मासिक :

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, स्त्री-पुरुष समानता असे विषय त्यात असत. वाचक पत्रातून आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं देत. शरीराची लाज वाटण्याचं कारण नाही, हे ठसवायला मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्रही छापत. लोक खवळले यात नवल नाही.

खटले :

१९३१ साली व्यभिचारावरील लेखाबद्दल त्यांना अश्लीलतेच्या गुन्ह्याखाली १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तोही वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! या वेळी त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिक लैंगिक आरोग्याला वाहिलेलं आहे, तर त्या विषयाचे प्रश्न येणारच आणि त्यांना उत्तरं दिलीच पाहिजेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक चालूच राहिलं.

तेव्हा युरोप-अमेरिकेत तरी मोकळीक होती का? नाही. इंग्लंडमध्ये १८५७ पासून अश्लील पुस्तकांविरुद्ध कायदा होता. अमेरिकेत १८७३ च्या कायद्यानं संततिनियमनाची माहिती टपालानं पाठवणंही गुन्हा ठरवलं होतं. १९१६ साली मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेलं केंद्र पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडलं, त्या तुरुंगातही गेल्या. मग वारं फिरलं. १९६० साली लंडनच्या कोर्टानं ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी छापणाऱ्या प्रकाशकाला निर्दोष सोडलं. १९६९ साली डेन्मार्कनं तर अश्लील चित्रांवरचीही बंदी उठवली. शंभर-सव्वाशे वर्षांत समाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.

अखेर :

पुढे मालतीबाई गेल्या. त्यानंतर कर्वे एकटेच मासिक चालवत राहिले. १९५२ साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली, ते आता सरकारी काम झालं! १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे २००१ साली अमोल पालेकर यांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला.

आपण काय घ्यायचं?

त्यांची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नाही, मलाही पटत नाहीत. पण एक फरक त्यांच्याकडून शिकावा. शरीराची माहिती वेगळी आणि बाजारात विकायला मांडलेलं शरीर वेगळं. कर्व्यांच्या काळी पहिल्याला दुसऱ्याचं नाव देऊन दंड ठोठावला गेला. आज उलटंच झालंय. बाजार मोबाईलमधून थेट घरात आला आणि माहिती अजून दाराबाहेर उभी आहे. आपण गप्प बसलो म्हणून मूल अजाण राहत नाही, ते फक्त दुसरीकडे विचारतं. आणि तिथं मिळणाऱ्या उत्तरात ना काळजी असते, ना खरेपणा.

म्हणून पालकहो, मूल विचारेल तेव्हा रागावू नका. वयाला पेलेल एवढं, पण खरं सांगा. अवयवांची नावं नीट सांगा. नको असलेला स्पर्श झाला तर ओरडायचं, पळायचं आणि घरी सांगायचं हे शिकवा. उत्तर येत नसेल तर उद्या सांगते म्हणा, आणि खरंच सांगा.

मीही दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि कालचं उत्तर चुकलं होतं हे कबूल केलं. बाळ आईच्या पोटात, गर्भाशय नावाच्या पिशवीत वाढतं, असं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. सगळी शांतपणे ऐकत होती.