खाडाखोडीतून उमललेला चित्रकार

वहीत एखादा शब्द चुकला की आपण तो चटकन खोडतो आणि ते पान कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून धडपडतो. रवींद्रनाथ ठाकुरांनी मात्र आपली खाडाखोड लपवली नाही. ती त्यांनी इतक्या प्रेमाने न्याहाळली की तिच्यातूनच एक चित्रकार जन्माला आला!

७ मे १८६१ रोजी कोलकात्याच्या जोडासांको येथील वाड्यात रवींद्रनाथांचा जन्म झाला. घरात कलेचे वातावरण होते. वडीलबंधू ज्योतिरिंद्रनाथ माणसांची रेखाचित्रे काढीत, तर पुतणे गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ पुढे मोठे चित्रकार झाले. रवींद्रनाथांनाही चित्रकलेची ओढ होती, पण हात वळत नव्हता. १९०० साली शास्त्रज्ञ मित्र जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच्या चित्रांची थट्टाच केली. पेन्सिलीपेक्षा रबरच जास्त चालते, अशी त्यांची कबुली होती. शब्दांवर एवढी हुकमत असलेला कवी कोऱ्या कागदापुढे मात्र असा अडखळत होता.

१९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, जगभर कीर्ती झाली. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. तेथे नंदलाल बोसांसारखे कलावंत नव्या पिढीला घडवू लागले, पण खुद्द गुरुदेव चित्रकलेच्या दारातच उभे होते.

ते दार उघडले ते अनपेक्षितपणे. १९२४ साली पेरू देशाकडे निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि त्यांना अर्जेंटिनात थांबावे लागले. ब्यूनस आयर्सजवळच्या सान इसिद्रो येथे लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांची राहण्याची व्यवस्था केली. तेथे 'पूरबी'तील कविता लिहिताना नको असलेल्या ओळी ते खोडीत, आणि खोडलेल्या जागा रेषांनी एकमेकींना जोडीत. बघता बघता कुठे चोच उगवे, कुठे विचित्र श्वापद, तर कुठे एखादा चेहरा. ना कुणाची परीक्षा, ना नामवंत कवी म्हणून बाळगायची प्रतिष्ठा! हा निव्वळ हाताचा खेळ होता. चांगले चित्र काढण्याचा हट्ट सुटला आणि चित्र आपण होऊन आले.

ओकाम्पोबाईंनी त्या वहीतले सामर्थ्य ओळखले. त्यांच्याच पुढाकाराने मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल कलादालनात रवींद्रनाथांचे पहिले चित्रप्रदर्शन भरले. कवी तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होता! त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांनी ही चित्रे पाहिली. रीतसर शिक्षण नाही म्हणून ते संकोचले नाहीत. लेखणीची शाई, चिंधी, बोटे, जे हाताशी येईल त्याने ते रंगवीत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावेही दिली नाहीत. १९३७ साली निघालेली 'खापछाडा' आणि 'से' ही गमतीदार पुस्तके त्यांनी स्वतःच्याच चित्रांनी सजवली. ७ ऑगस्ट १९४१ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे दोन हजारांहून अधिक चित्रे होती.

मित्रहो, निबंधाची पहिली ओळ सुचत नाही म्हणून आपण किती वेळा वही मिटून ठेवतो! त्या वेळी या वृद्ध कवीची ती खोडलेली पाने आठवावीत. हाती लेखणी घ्यावी, समासात एखादी वेडीवाकडी रेघ ओढावी आणि ती कुठे जाते ते पाहावे. चुकण्याची भीती गेली की हात चालू लागतो, आणि हाताच्या मागून मनही!