सूर्यमालेबाहेर गेलेला सूर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात केरी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथं १३ जुलै १८९२ रोजी जन्मलेल्या एका मुलीचा आवाज आज पृथ्वीपासून सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर जाऊन पोचलाय. 'व्हॉयेजर-१' हे अमेरिकेचं यान तो घेऊन निघालंय. पृथ्वीवरून पाठवलेला निरोप त्या यानापर्यंत पोचायला जवळजवळ अख्खा एक दिवस लागतो. ती मुलगी म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर. गंमत अशी, की आपला आवाज असातसा कुणाच्याही हाती लागू नये म्हणून या बाई जन्मभर जपत राहिल्या!

केसरबाईंचा जन्म कलावंत समाजातला. देवळाच्या सेवेत गाणं-नाचणं ही या समाजातल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गाणं ऐकायला लोक गर्दी करायचे, पण गाणारीला मान द्यायची वेळ आली की हात आखडता घ्यायचे. त्या काळी गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य. शिकायचं म्हटलं तर चांगला गुरू हवा, आणि गुरू हवा तर गाव सोडायला हवं.

आठ वर्षांच्या केसरला घरच्यांनी कोल्हापूरला नेलं. तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिक्षण सुरू झालं, पण ते जेमतेम आठ महिने. परत गोव्यात आल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, बुवा गोव्यात येतील तेव्हा तालीम. सोळाव्या वर्षी आई आणि मामांबरोबर मुंबई गाठली. तिथं सतारिये बरकतुल्ला खाँ, मग काही काळ भास्करबुवा बखले. गुरू एकापेक्षा एक थोर, पण प्रत्येक वेळी शिक्षण मध्येच तुटायचं. एका गुरूनं घालून दिलेलं वळण गळ्यावर बसतंय न बसतंय तोवर दुसऱ्याचं सुरू. दुसरी एखादी असती तर आहे त्या शिदोरीवर मैफली करत बसली असती. गळा दमदार होता, मुंबईत ऐकणारे शौकीन होते, पैसाही मिळाला असता.

केसरबाईंना ते पटणारं नव्हतं. त्यांना अल्लादिया खाँसाहेबांकडेच शिकायचं होतं. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी घडवणारे हे खाँसाहेब म्हणजे गवयांचे गवई. अनवट राग, पेचदार ताना, लयीशी सतत चाललेला खेळ, असं त्यांचं अवघड गाणं. ते सहजासहजी शिकवायला तयार होणारे नव्हते, आणि तालीमही सोपी नव्हती. तरीही १९२१ साली केसरबाईंनी त्यांचा गंडा बांधला. तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. ज्या वयात बाईमाणसाचं आता काय शिकायचं राहिलंय, असं लोक म्हणतात, त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली! आधी शिकलेलं बाजूला ठेवून आकार लावायचा, तोच पलटा तासन्‌तास घोटायचा. अशी दहा-अकरा वर्षं सलग तालीम झाली. नाव झालं, पैसा आला, तरी शिकणं थांबलं नाही. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत त्या गुरूसमोर शिष्या म्हणूनच बसत राहिल्या.

या मेहनतीचं फळ साऱ्या देशानं ऐकलं. भरदार, मोकळा, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनानं फिरणारा आवाज आणि एका श्वासात दूरवर जाणारी तान. १९३८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी त्यांच्या गाण्याची तारीफ केली. १९४८ मध्ये कोलकात्याच्या संगीतप्रेमी मंडळींनी त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण आलं आणि महाराष्ट्र सरकारनं त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवलं.

त्यांचा दराराही तसाच होता. बिदागी ठरवणार त्या स्वतः, आणि ती भरभक्कम असायची. मैफलीत कुणी गप्पा मारलेल्या खपायच्या नाहीत. बैठकीचं ध्वनिमुद्रण करू द्यायला त्या तयार नसत. रेडिओपासून त्या लांबच राहिल्या. शिष्याही फार केल्या नाहीत. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणायचे. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. ज्या समाजातल्या बाईचं गाणं वाटेल त्यानं वाटेल तेव्हा ऐकावं अशी जगाची समजूत होती, तिथली एक बाई सांगत होती, की माझं गाणं मी म्हणेन तेव्हा, म्हणेन तिथं आणि म्हणेन त्या मानानं ऐकावं लागेल. याला गर्व म्हणायचं की कष्टानं मिळवलेली किंमत राखणं म्हणायचं, हे आपलं आपण ठरवावं. आवाज पहिल्यासारखा राहिला नाही असं वाटल्यावर १९६०च्या दशकात त्यांनी जाहीर गाणं आपणहून थांबवलं.

त्यामुळे मागे राहिल्या त्या मोजक्या तबकड्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यातल्याच एकीवर भैरवीतलं 'जात कहाँ हो' हे गाणं होतं.

आता १९७७ सालाकडे येऊ. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार मोठे ग्रह त्या सुमाराला अशा जागी आले होते, की एका ग्रहाच्या ओढीचा झोका घेऊन यानाला पुढच्या ग्रहाकडे जाता यावं. असा योग पावणेदोनशे वर्षांतून एकदा येतो. तो साधून 'नासा'नं दोन व्हॉयेजर यानं तयार केली. ती सूर्यमाला सोडून कायमची दूर जाणार होती. वाटेत कुणी भेटलंच, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे बरं का! पावसाचा आवाज आहे, बाळाचं रडणं आणि त्याला समजावणाऱ्या आईचा आवाज आहे. आणि जगभरातलं निवडक २७ तुकड्यांचं संगीत आहे.

निवड करणारे होते कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी. भारताचं काय घ्यावं, असा प्रश्न आला तेव्हा रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अभ्यासकानं केसरबाईंच्या 'जात कहाँ हो'चं नाव सुचवलं. पण तबकडी मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या! बाख आणि बीथोवन यांच्या पंगतीला केरीच्या केसरबाई बसल्या त्या अशा. भारतातलं हे एकच गाणं त्यात आहे.

२० ऑगस्ट १९७७ला व्हॉयेजर-२ निघालं, ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. वय ८५. म्हणजे बाई गेल्या तेव्हा त्यांचं गाणं अकरा दिवसांची वाट चालून गेलं होतं.

पुढे त्या यानांनी जे दाखवलं, त्यानं शास्त्रज्ञही थक्क झाले. १९७९ मध्ये गुरूच्या 'आयो' नावाच्या चंद्रावर धगधगता ज्वालामुखी सापडला. पृथ्वीबाहेरचा जागा ज्वालामुखी माणसानं पहिल्यांदाच बघितला. यानानं पाठवलेल्या चित्रात तो ओळखला लिंडा मोराबिटो या तरुण स्त्री-अभियंत्यानं. शनीची कडी जवळून दिसली. १९८६ मध्ये युरेनस आणि १९८९ मध्ये नेपच्यून व्हॉयेजर-२नं गाठला. त्या दोन ग्रहांजवळ दुसरं कोणतंही यान अजून गेलेलं नाही. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ आणि २०१८ मध्ये व्हॉयेजर-२ सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात शिरलं.

या यानांना वीज मिळते ती प्लुटोनियमच्या उष्णतेपासून, आणि ती दरवर्षी थोडी थोडी कमी होतेय. म्हणून त्यांच्यावरची उपकरणं एकेक करून बंद केली जाताहेत. एक दिवस दोन्ही यानं मुकी होतील. पण तिथं हवा नाही, दमटपणा नाही, त्यामुळे तबकडी कोट्यवधी वर्षं टिकेल असा अंदाज आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोचायलाच चाळीस हजार वर्षं लागणार आहेत.

इकडे जमिनीवर त्यांची विद्या सांभाळली ती धोंडूताई कुलकर्णी यांनी. कोल्हापूरच्या धोंडूताई आधी अल्लादिया खाँसाहेबांच्या चिरंजीवांकडे, भुर्जी खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. नंतर केसरबाईंनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारलं. मैफलींच्या झगमगाटापासून दूर, उत्तरायुष्यात बोरिवलीच्या घरी त्या शिकवत राहिल्या. लोकलच्या गर्दीतून शिष्या यायच्या, तानपुरा लागायचा, आणि केरीहून निघालेली गायकी आणखी एका गळ्यात उतरायची. २०१४ मध्ये धोंडूताईही गेल्या. केरी गावात आज केसरबाईंच्या नावानं शाळा आहे. गोव्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह होतो.

तबकडी कितीही दूर गेली, तरी ती साडेतीन मिनिटांचीच राहणार. गायकी पुढे जाते ती समोर बसवून शिकवणाऱ्या आणि चिकाटीनं शिकणाऱ्या बायकांमुळे. तुमच्यापैकी कुणी चाळिशीत पेटीचा क्लास लावायचा की नाही म्हणून अडून बसली असेल, तर तिनं तिशीत पुन्हा 'सा'पासून सुरुवात करणाऱ्या केसरबाई आठवाव्यात. आणि आज रात्री स्वयंपाकघर आवरून झालं, की मोबाइलवर हे गाणं शोधून ऐका. एकट्या निघालेल्या मुलीला, कुठे चाललीस, असं विचारणारं ते गाणं आहे. ते कुठवर जाऊन पोचलंय, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.