अंधारखोलीतील साधक : दादासाहेब फाळके

जुन्या कॅमेऱ्यांचा संग्रह करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. कॅमेरा ही मुळात एक काळोखी पेटी आहे. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच खोली असा होतो. चित्र प्रकाशाने उमटते खरे, परंतु ते उमटते काळोखात. १८३९ साली पॅरिस येथे छायाचित्रणाची कृती जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी ज्यांनी या स्थिर चित्रांना आपल्या देशात गती दिली, त्या दादासाहेब फाळके यांचे जीवनही जणू अशाच काळोखात घडले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. स्कॉटिश मिशनच्या विल्सन महाविद्यालयात ते संस्कृत शिकवू लागले, तेव्हा कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबरच छायाचित्रण व ठसे तयार करण्याची विद्या हस्तगत केली.

छायाचित्रकार म्हणून त्यांनी गोध्रा येथे व्यवसाय मांडला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दोघेही गेले. बडोद्यास परतून पुन्हा कॅमेरा उभा केला, तर कॅमेरा माणसाची प्राणशक्ती शोषून घेतो अशी लोकांची समजूत आड आली. इतरांची मुखे जपून ठेवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर मात्र रिते झाले होते. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई.

१९०३ साली पुराणवस्तू संशोधन खात्यात त्यांना छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. १९०९ साली छपाईची नवी तंत्रे शिकण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी तो व्यवसायही सोडला.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी प्रभू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. आपल्या लोकांच्या कथा आपल्याच लोकांच्या मुखांनी पडद्यावर का सांगू नयेत, या विचाराने त्यांना घेरले. दुसऱ्या खेळास ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले.

त्यानंतर त्यांनी रात्रंदिवस चित्रपट पाहिले, यंत्रांचा अभ्यास केला. त्या श्रमाने दृष्टीच गेली. चित्रकाराचे डोळे गेल्यावर उरते काय? डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परतली आणि त्यांनी काम पुन्हा हाती घेतले. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत महिनाभराची वाढ मिनिटभराच्या चित्रफितीत दाखविली. मार्ककृत शुभवर्तमानातील दाखल्यात बी पेरणारा मनुष्य झोपतो व उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. फाळके मात्र त्या वाढीपाशी रोज जागत राहिले.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागविले. कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे. ती छिद्रे सरस्वतीबाई रात्रीच्या काळोखात पाडीत. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, रात्री हे काम. प्रसंगी त्यांचे दागिनेही या कार्यासाठी गेले. स्त्रीभूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाची भूमिका फाळक्यांच्या थोरल्या मुलाने, भालचंद्राने केली.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पुढे नाशिक हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. त्यांनी अनेक मूकपट निर्माण केले, कीर्ती लाभली. परंतु बोलपटांच्या युगात ते मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ सालापासून त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

वाचकहो, फाळके ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना आपल्यात ओढण्याचे कारणही नाही. परंतु ख्रिस्तचरित्राच्या त्या मूकपटाने परक्या देशात एका माणसाच्या अंतरी काय पेरले, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. त्याने नक्कल केली नाही. आपल्या मातीत आपले बी लावले. आणि जे पडद्यावर झळकले, त्यामागे काळोखात बसून छिद्रे पाडणारे दोन हात होते. आपल्या मंडळ्यांतूनही असे पुष्कळ हात काम करीत असतात. त्यांची नावे वेळीच घेतली जावीत, हे बरे.