महाराणी लक्ष्मीअम्मणी

म्हैसूर शहराच्या वायव्येस हेब्बाळ हा भाग आहे. एके काळी तलावाकाठी वसलेले हे खेडे आज कारखान्यांनी गजबजलेले आहे. दूरदूरच्या गावांहून लोक येथे कामासाठी येतात आणि सवड मिळाली की दोन ठिकाणे हमखास पाहतात. एक शहराच्या मध्यभागी असलेला राजवाडा आणि दुसरे कावेरीच्या बेटावरचा श्रीरंगपट्टणचा किल्ला. दोहोंमधले अंतर जेमतेम पंधरा किलोमीटरांचे आहे. श्रीरंगपट्टणात १७६१ साली वडियार घराण्याच्या हातून सत्ता गेली आणि अडतीस वर्षांनी, १७९९ साली, हे घराणे म्हैसुरात पुन्हा गादीवर बसले. मधल्या काळात राजे आले आणि गेले. घर मात्र एका स्त्रीने सांभाळले. तिचे नाव लक्ष्मीअम्मणी.

लक्ष्मीअम्मणींचा जन्म १७४२ च्या सुमारास झाला. म्हैसूरच्या सैन्यातील मातब्बर सरदार कत्ती गोपालराज अरस यांच्या त्या कन्या. राजा दुसरे कृष्णराज वडियार यांच्याशी विवाह होऊन त्या श्रीरंगपट्टणच्या राजवाड्यात आल्या. तेथे राजा होता, पण राजसत्ता नव्हती. सारा कारभार दळवाई म्हणविणाऱ्या सेनापतींच्या हाती होता आणि त्यांच्या पदरचा हैदर अली नावाचा हुशार, धाडसी सरदार झपाट्याने वर चढत होता. हैदरला आवर घालण्याचा एक प्रयत्न राजवाड्यातूनच झाला. हैदरचाच कारभारी खंडेराव राजघराण्याला येऊन मिळाला आणि पेशव्यांचे सरदार विसाजी कृष्ण बिनीवाले यांचीही मदत मागण्यात आली. तो डाव फसला. मराठ्यांचे सैन्य परत फिरले, १७६१ मध्ये हैदर सर्वाधिकारी झाला आणि खंडेरावाला लोखंडी पिंजऱ्यात कोंडण्यात आले. राजघराण्याला साथ देणाऱ्याचे काय होते, हे तरुण राणीने अशा रीतीने सुरुवातीलाच पाहिले.

राजा कृष्णराज १७६६ साली निवर्तले. लक्ष्मीअम्मणींना ऐन पंचविशीच्या आत वैधव्य आले. हैदरने गादी रिकामी ठेवली नाही. दसऱ्याला राजाला सिंहासनावर बसवून लोकांपुढे आणायचे आणि एरवी वाड्यात नजरकैदेत ठेवायचे, अशी त्याची रीत होती. कृष्णराजांचा थोरला मुलगा नंजराज गादीवर आला. त्या सुमारास थोरले माधवराव पेशवे म्हैसूरवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या करीत होते. मराठ्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून १७७० साली नंजराजाचा गळा आवळून अंत करण्यात आला. त्याचा भाऊ बेट्टद चामराज १७७६ साली वारला. दहा वर्षांत एकाच घरातून तीन राजे गेले.

आता नवा राजा निवडण्याची वेळ आली. याबद्दल एक कथा सांगतात. हैदरने वडियारांच्या नात्यागोत्यातील लहान मुले एका दालनात जमवली आणि खेळणी, मिठाई, फुले पसरून ठेवली. एका मुलाने मात्र कट्यार उचलली आणि तोच राजा ठरला. कथा कितपत खरी कोण जाणे! पण चामराज नावाचे ते मूल लक्ष्मीअम्मणींच्या मांडीवर दत्तक आले, आणि बाहेर हैदरने राजा निवडला तरी घरात त्याला वाढविण्याचे काम राणीकडेच राहिले.

वाड्याच्या भिंतीआड राहून राणी स्वस्थ बसल्या नाहीत. तिरुमलराव आणि नारायणराव हे दोघे भाऊ त्यांच्या विश्वासातले होते. त्यांना प्रधान म्हणून ओळखले जाते. राज्य परत मिळाले तर दिवाणपद आणि महसुलाचा दहावा हिस्सा तुमच्या घराण्याला देऊ, असे वचन राणीने त्यांना दिले. हैदरला तोंड देऊ शकेल अशी सत्ता म्हणजे मद्रासचे इंग्रज, असा त्यांचा हिशेब होता. पत्रे चोरून जात, माणसे वेष पालटून प्रवास करीत, उत्तरे यायला महिने लागत. तिरुमलरावांनी तंजावरास मुक्काम ठोकला. तेथे त्या काळी भोसले घराण्यातील तुळजाजी राजे राज्य करीत होते आणि इंग्रजांचा वकीलही तेथेच राहत असे. १७८२ च्या ऑक्टोबरमध्ये या वकिलाशी राणीच्या वतीने करार झाला. इंग्रजांनी राज्य परत मिळवून द्यावे आणि राणीने लढाईचा खर्च सोसावा, असा त्याचा आशय होता.

कराराला दीड महिनाही झाला नाही तोच, डिसेंबर १७८२ मध्ये, हैदर मरण पावला आणि त्याचा मुलगा टिपू सुलतान सत्तेवर आला. पुढल्या वर्षी श्रीरंगपट्टणात उठावाचा बेत शिजला, पण तो आधीच फुटला. त्यात सामील असलेल्यांना मृत्युदंड झाला. तिरुमलरावांच्या आप्तांनाही या साऱ्याची भयंकर किंमत मोजावी लागली, असे परंपरेने सांगितले जाते. राणीच्या चरित्रातील हा भाग वाचताना मन जड होते. त्यांनी धाडलेल्या प्रत्येक पत्रामागे कुणाचे तरी प्राण टांगणीला लागलेले असत आणि हे त्यांना ठाऊक होते. तरीही पत्रे थांबली नाहीत. तो निर्धार होता की हट्ट, याचा निर्णय करणे सोपे नाही.

इंग्रजांनी दिलेला शब्द पाळला का? १७८४ मध्ये मंगळूरला त्यांनी टिपूशी तह केला. त्यात राणीचा विषयच नव्हता. १७९२ मध्ये इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी मिळून टिपूचा पराभव केला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा तेव्हा श्रीरंगपट्टणच्या वेशीवर होत्या. टिपूचे अर्धे राज्य तिघांनी वाटून घेतले. उरलेले अर्धे त्याच्याकडेच राहिले आणि वडियार घराण्याच्या वाट्याला काहीच आले नाही. ज्या किल्ल्याला वेढा पडला होता त्याच किल्ल्यात राणी होत्या.

त्यानंतरचा काळ सर्वांत कठीण गेला. १७९६ साली राजा चामराज वारला. आता टिपूने नवा राजा नेमलाच नाही. वाड्यातील चीजवस्तू काढून घेण्यात आली आणि राजघराण्यातील माणसांना एका साध्या, अपुऱ्या घरात हलविण्यात आले. चामराजाचा मुलगा कृष्णराज तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. राणीचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. पती, सावत्र मुले आणि दत्तक मुलगा या सर्वांना निरोप देऊन झाला होता. राहिले होते ते एवढे एक नातवंड.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. राज्य कुणाला द्यावे, यावर इंग्रजांनी खल केला. टिपूचे मुलगे होते, त्यांच्या बाजूनेही बोलणारे होते. अखेर गव्हर्नर जनरल वेलस्ली याने वडियारांच्या बाजूने कौल दिला. सतरा वर्षांपूर्वीच्या कराराची त्याला आठवण झाली म्हणून नव्हे, तर हे घराणे आपल्या उपकाराखाली राहील, असा त्याचा हिशेब होता. जिंकलेल्या मुलखाचा एक भाग पेशवे दुसरे बाजीराव यांनाही देऊ करण्यात आला होता, पण त्यासोबतच्या अटी त्यांनी मान्य केल्या नाहीत.

३० जून १७९९ रोजी जुन्या म्हैसूर नगरात पाच वर्षांच्या कृष्णराजाचे राज्यारोहण झाले. सोहळ्याला वाडा नव्हता. टिपूने जुन्या म्हैसूरचा किल्ला आणि वाडा पाडून त्यांचे दगड जवळच नजरबाद नावाचे नवे ठाणे बांधण्यासाठी नेले होते. त्यामुळे मांडव घालून त्यातच दरबार भरविण्यात आला. पुढे नजरबादचे दगड पुन्हा म्हैसूरला आणून किल्ला उभारण्यात आला.

राज्य मिळाले, पण ते मागितले होते तसे नव्हते. दरवर्षी सात लाख होन इंग्रज फौजेच्या खर्चासाठी द्यायचे होते आणि कारभारावर इंग्रज रेसिडेंटची देखरेख राहणार होती. दिवाणपद तिरुमलरावांना मिळाले नाही. ते पूर्णय्यांना देण्यात आले. हैदर आणि टिपू या दोघांचाही कारभार त्यांनीच पाहिला होता. आयुष्यभर ज्यांच्याशी झुंज दिली त्यांच्याच कारभाऱ्याच्या हाती नातवाचे राज्य सोपवावे लागले आणि ज्याने सर्वस्व पणाला लावले त्याला दिलेले वचन पाळता आले नाही. पूर्णय्या कर्तबगार होते. त्यांनी तलाव दुरुस्त केले, रस्ते केले, कावेरीवर पूल बांधला. तरी राणीचे आणि त्यांचे पुरते सूर जुळले नाहीत, यात नवल नाही.

या काळातील एक गोष्ट फारशी माहीत नसते. देवीच्या रोगावरची लस तेव्हा नुकतीच भारतात आली होती. पहिली लस १७ व्या, १८ व्या शतकांत नव्हे, तर १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली. गाईच्या रोगापासून निघालेली ही लस टोचून घ्यायला लोक कचरत. थॉमस हिकी या चित्रकाराने १८०५ मध्ये म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे तैलचित्र रंगविले. त्यातील एकीने पदर सरकवून दंड दाखविला आहे. ती नुकतीच लस टोचलेली राणी असावी आणि लोकांची भीती जावी म्हणून हे चित्र काढले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मधली स्त्री स्वतः लक्ष्मीअम्मणी असाव्यात, असेही त्यांपैकी एकाने सुचविले आहे. त्याच्या मते राणीचे पती देवीच्या रोगानेच दगावले होते. असे असेल, तर घरात आलेल्या नव्या सुनांना ही लस टोचून घेण्यामागे कुणाचा आग्रह असेल, याची कल्पना येते.

नातू मोठा होत होता. पडलेल्या म्हैसुरात लाकडी राजवाडा उभा राहिला आणि दसऱ्याचा दरबार तेथे भरू लागला. तो वाडा १८९७ साली आगीत जळाला. त्याच जागी १९१२ मध्ये पूर्ण झालेला राजवाडा आज प्रवासी पाहतात.

१८१० साली लक्ष्मीअम्मणींचे देहावसान झाले. त्या सुमारे अडुसष्ट वर्षांच्या होत्या. कृष्णराज तेव्हा सोळाव्या वर्षात होता. पुढच्याच वर्षी पूर्णय्यांनी राज्याचा कारभार त्याच्या हाती सोपविला. त्या दिवशी दरबारात सर्व मानकरी हजर होते. आजी तेवढ्या नव्हत्या.