सर अलेक्झांडर फ्लेमिंग : औषधाआधी जंतूची परीक्षा घेणारा संशोधक

पेनिसिलिनचे जनक म्हणून सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव सर्वपरिचित आहे. उघड्या बशीत बुरशी पडली आणि महान औषध गवसले, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु कोणते औषध कोणत्या जंतूवर चालते हे प्रयोगशाळेत आधी पडताळून पाहण्याची जी शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली, तिचे स्मरण क्वचितच होते.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावानजीक एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. किशोरवयात ते लंडनला आले आणि काही वर्षे जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केल्यानंतर काकांकडून मिळालेल्या वारशाच्या आधारे वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. १९०६ साली पदवी मिळवून ते सेंट मेरीज रुग्णालयात सर आल्मरॉथ राइट यांच्या विभागात रुजू झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन्य येथे जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना एक कटू सत्य त्यांच्या ध्यानी आले. खोल जखमांत ओतलेली जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच अधिक मारीत होती. जंतूला मारील पण माणसाला अपाय करणार नाही, अशा द्रव्याचा शोध हा त्यांचा ध्यास बनला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या एका बशीत बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. त्यांनी मग पद्धतशीर परीक्षा आरंभिली. पोषक द्रवात अगर उकळून बशीत ओतावे, ते थिजल्यावर त्यात एक चर कापावा, चरात बुरशीचा अर्क मिसळलेले अगर भरावे आणि निरनिराळ्या जंतूंच्या रेषा चराशी काटकोनात ओढाव्यात. काही जंतू चरापर्यंत वाढत, तर काही दूरच थबकत. कोण बळी पडतो व कोण दाद देत नाही, हे एकाच बशीत स्पष्ट होई. इन्फ्लुएंझाशी संबंधित मानला जाणारा जंतू दाद देत नसे. म्हणून इतर जंतूंना आवरून तो वेगळा काढण्यासाठी पोषक माध्यमातच पेनिसिलिन मिसळावे, असे त्यांनी १९२९ च्या निबंधात सुचविले.

पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन औषधरूपात आणले. १९४२ साली फ्लेमिंग यांच्या परिचयातील एक गृहस्थ मेंदूच्या आवरणाच्या दाहाने मरणासन्न झाले. सल्फा औषधे निष्फळ ठरली होती. फ्लेमिंग यांनी रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रवातून जंतू वाढविला, तो पेनिसिलिनला बळी पडतो याची खात्री केली आणि मगच फ्लोरींकडे औषध मागितले. फ्लोरींनी ते दिले. फ्लेमिंग यांनी ते थेट कण्यातही टोचले आणि तो रुग्ण वाचला.

१९४५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक कल्पित उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून पती अपुरे पेनिसिलिन घेतो. त्याचे जंतू मरत नाहीत, उलट औषधाला न जुमानण्यास शिकतात. त्याच जंतूंचा संसर्ग पत्नीला होतो. तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. या मृत्यूचा दोष पतीच्या निष्काळजीपणाकडे जातो, हे त्यांनी श्रोत्यांपुढे मांडले.

११ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ते चिरनिद्रा घेत आहेत. आज प्रयोगशाळांत १९४१ साली सिद्ध झालेले म्युलर-हिंटन माध्यम वापरतात. बशीतील अगराचा थर सुमारे ४ मिलिमीटरच ठेवावा लागतो. तो जाड झाल्यास औषधाच्या चकतीभोवतीचे जंतुरहित वर्तुळ लहान दिसते, पातळ झाल्यास मोठे, आणि अहवाल चुकतो. अशा अहवालावर कुणाचा तरी प्राण अवलंबून असतो. तेव्हा डॉक्टरांनी तपासणी सांगितली असता अहवालाची वाट पाहणे आणि घरात उरलेल्या गोळ्या मनाने न घेणे, हीच या संशोधकाला खरी आदरांजली ठरेल.