यहुदाला क्षमा मिळू शकते का?



आज झावळ्यांच्या रविवारी आपण पवित्र सप्ताहात प्रवेश करीत आहोत. उद्यापासून जे भाविक रोजच्या मिस्साला येतील त्यांच्या एक गोष्ट ध्यानात येईल. सोमवार, मंगळवार आणि बुधवार या तिन्ही दिवसांच्या शुभवर्तमानात एकच माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो. तो म्हणजे यहुदा इस्कार्योत. त्याचे नाव आपण आपल्या मुलांना ठेवत नाही. भांडणात कुणी कुणाला यहुदा म्हटले तर ते वर्षानुवर्षे विसरले जात नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले आम्हाला हटकून विचारतात की, यहुदा नरकात गेला का? मोठी माणसे तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत आणि हळू आवाजात विचारतात: ज्याने आपल्याच माणसाचा घात केला त्याला देव क्षमा करील का? म्हणून यंदा या माणसाचे चरित्र थोडे सावकाश पाहावे असे आम्हाला वाटले.

यहुदाच्या वडिलांचे नाव शिमोन. इस्कार्योत या नावाचा अर्थ बहुधा करीयोथ गावचा माणूस असा असावा. हे गाव दक्षिणेला यहुदीया प्रांतात होते. तसे असेल तर बाकीचे शिष्य गालीलचे आणि हा एकटा दक्षिणेकडचा. प्रभू येशूने बारा जणांची निवड करण्यापूर्वी डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली, असे संत लूक सांगतो. त्या प्रार्थनेतून जी नावे आली त्यात यहुदाचेही नाव होते. तो चुकून आत आलेला माणूस नव्हता. इतरांप्रमाणे त्यालाही दोघादोघांच्या जोडीने प्रचाराला पाठवले गेले, भुते काढण्याचा अधिकार त्यालाही मिळाला. एवढेच नव्हे, तर सर्वांची पैशाची थैली त्याच्या हाती होती. विश्वासातल्या माणसाशिवाय आपण तिजोरीची किल्ली कुणाला देत नाही.

घसरण त्या थैलीपासूनच सुरू झाली असे संत योहानाच्या शुभवर्तमानावरून दिसते. थैलीतले पैसे तो काढून घेत असे. वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानीत मरियेने प्रभूच्या पायांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा यहुदाने लगेच त्याची किंमत काढली: ३०० दीनार. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार होती, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. पुढे त्याने आपल्या गुरूला विकले ते चांदीच्या ३० नाण्यांना. ही नाणी शेकेल होती असे धरले तर ती सुमारे १२० दीनार होतात. तेलाच्या किमतीच्या निम्मीसुद्धा नाही! जुन्या करारातील निर्गम ग्रंथात बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई ३० शेकेल सांगितली आहे. गुलामाच्या भावात प्रभूचा सौदा झाला.

त्याने हे केवळ लोभाने केले का? काही अभ्यासकांना वाटते की, रोमन सत्ता उलथवून टाकणारा मसीहा त्याला हवा होता आणि येशूने त्याची निराशा केली. शुभवर्तमाने मात्र पैशाचा उल्लेख करतात आणि सैतान त्याच्यात शिरला असे सांगतात. त्यापलीकडे त्याचे मन उघडून दाखवीत नाहीत.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहुदा तेथेच होता. त्याचेही पाय धुतले गेले. प्रभूने त्याला स्वतःच्या हाताने घास दिला. तो घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा रात्र झाली होती. गेथशेमाने बागेत त्याने चुंबन घेऊन प्रभूला पकडून दिले, आणि त्या क्षणीही प्रभूने त्याला मित्र म्हणूनच हाक मारली.

येथे एक प्रश्न नेहमी पुढे येतो. हे सारे आधीच ठरले होते, तर बिचाऱ्या यहुदाचा दोष काय? डोंगरावर उभा असलेला माणूस खालच्या वाटेने खड्ड्याकडे चाललेल्या वाटसरूला पाहतो. त्याच्या पाहण्यामुळे वाटसरू खड्ड्यात पडत नाही. देवाला सारा काळ एकदम दिसतो, पण पाऊल टाकतो तो माणूस. यहुदा स्वतंत्र होता. म्हणूनच तो दोषी ठरतो आणि म्हणूनच तो परतही फिरू शकत होता.

तो परत फिरला होता, हे आपण बहुतेक वेळा विसरतो. सकाळी येशूला दोषी ठरवल्याचे कळताच त्याला पस्तावा झाला, असे संत मत्तय सांगतो. तो मुख्य याजकांकडे गेला. आपण निर्दोष माणसाचा घात करून पाप केले, हे त्याने तोंडाने कबूल केले. पैसे परत केले. आपण धर्मशिक्षणात काय शिकतो? पापाचा पश्चात्ताप, पापाचे निवेदन आणि झालेल्या नुकसानीची भरपाई. हे तिन्ही यहुदाने केले. पण ज्यांच्यापुढे त्याने निवेदन केले त्यांनी, ते तुझे तू बघ, अशा अर्थाचे उत्तर देऊन हात झटकले. ते देवाच्या मंदिरातले याजक होते. हा भाग वाचताना आम्हा धर्मगुरूंच्या अंगावर काटा येतो. रडत आलेला माणूस आमच्या दारातून तसाच परत गेला तर काय होऊ शकते, ते येथे लिहिलेले आहे. नाणी मंदिरात फेकून यहुदा निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. त्या पैशांतून याजकांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये त्याचा मृत्यू निराळ्या प्रकारे सांगितला आहे. तेथे तो शेतात पडून मरतो. शेताचे नाव मात्र दोन्हीकडे रक्ताचे शेत असेच आहे. पुढे त्याच्या जागी मत्थियाची निवड झाली.

त्याच रात्री पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले होते. तोही रडला. पण तो इतर शिष्यांच्या सोबत राहिला आणि रविवारची सकाळ त्याने पाहिली. गालीलच्या समुद्रकिनारी प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. यहुदा रविवारपर्यंत थांबला नाही. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, तीही बहुधा त्याच्या कानी पडली नाही. संत अगस्तीनने ईश्वरनगरीविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले आहे: देवाच्या दयेविषयी निराश होऊन यहुदाने तारक पश्चात्तापाला जागाच ठेवली नाही.

मग त्याचे पुढे काय झाले? कवी दान्तेने त्याला नरकाच्या तळाशी सैतानाच्या जबड्यात ठेवले. पण ते काव्य आहे, ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. प्रभूने त्याच्याविषयी काढलेले उद्गार फार कठोर आहेत हे खरे. ते उद्गार काढले तेव्हा यहुदा अजून पंक्तीला बसलेला होता. त्यात इशारा होता, आणि आम्हाला त्यात दुःखही ऐकू येते. नरक आहे आणि माणूस देवाला कायमचा नाकारू शकतो, ही आपली श्रद्धा आहे. मृत्यूनंतर ती निवड बदलता येत नाही. पण शेवटच्या श्वासात यहुदाच्या अंतःकरणात काय घडले हे फक्त देवाला ठाऊक. ख्रिस्तसभा संतांची नावे जाहीर करते. नरकात गेलेल्यांची यादी तिने कधीच काढलेली नाही, त्यात यहुदाचेही नाव नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १८ ऑक्टोबर २००६ रोजी यहुदावर बोलताना, देवाच्या जागी बसून त्याचा निवाडा करणे आपले काम नाही असे सांगितले होते. फ्रान्समधील व्हेझले येथील बाराव्या शतकातील चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला फासावर लटकलेला यहुदा कोरला आहे, तर दुसऱ्या बाजूला त्याला खांद्यावर घेऊन चाललेला एक माणूस. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली या शिल्पाची आठवण करून दिली होती. त्यांना त्या माणसात उत्तम मेंढपाळ दिसला.

हा विषय आमच्या दृष्टीने केवळ अभ्यासाचा नाही. आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या घरचे लोक आजही मान खाली घालून चर्चमध्ये येतात. १९१७ च्या कॅनन कायद्याप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, त्याने पश्चात्तापाची काही खूण दाखवली नसेल तर, धर्मविधीने दफन नाकारले जात असे. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी मिळू शकते, असे स्पष्ट शिकवले आहे. तेव्हा अशा घरांना आम्ही सांगू इच्छितो की, आपल्या माणसासाठी मिस्सा अर्पण करायला संकोचू नका.

आणि ज्यांच्या मनावर घाताचे ओझे आहे त्यांनाही एक विनंती. भावाच्या पाठीमागे जमिनीच्या कागदावर सही केली असेल, जोडीदाराला फसवले असेल, मित्राचे गुपित विकले असेल, तर घेतलेले परत करा, पण तेथेच थांबू नका. एकटे राहू नका. पवित्र सप्ताहात पापनिवेदनासाठी या. मनाची तयारी झाली नसेल, तर नुसते बोलायला या. दार वाजवायला संकोच वाटण्याइतकी रात्र झाली असली तरी चालेल.

प्रभू येशू आपणा सर्वांना पुनरुत्थानाच्या सकाळपर्यंत सुखरूप घेऊन जावो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू