परक्यांचे कैवारी : फादर पेद्रो अरुपे



परक्या देशात पकडलेल्या माणसाला तुरुंगात जेवण मिळते, पांघरूण मिळते. पण आपल्याला का पकडले, हातात दिलेल्या कागदावर काय लिहिले आहे, हे समजावून सांगणारे कोणी भेटेलच असे नाही. अशा माणसांसाठी ज्यांनी ख्रिस्तसभेत एक नवे सेवाकार्य उभे केले, त्या येशूसंघीय फादर पेद्रो अरुपे यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

स्पेनमधील बिल्बाओ शहरी १४ नोव्हेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. डॉक्टरकीचे शिक्षण सोडून १९२७ साली ते येशूसंघात आले. १९३२ साली सरकारने येशूसंघ बरखास्त केला आणि तरुण पेद्रोंना मायदेश सोडावा लागला. बेल्जियम व हॉलंडमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, १९३६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९३८ साली ते जपानला पोहोचले.

डिसेंबर १९४१मध्ये जपान महायुद्धात उतरला. यामागुची येथे फादरांना हेर समजून अटक झाली. महिनाभराहून अधिक काळ ते कोठडीत एकटे होते. मिस्सा नाही, पुस्तक नाही. नाताळच्या रात्री बाहेर कुजबुज ऐकू आली. आपला शेवट जवळ आला असे त्यांना वाटले. परंतु ती त्यांचीच ख्रिस्ती माणसे होती, नाताळचे गीत गाण्यासाठी आलेली! पुढे ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा त्यांनी मठाचेच रुग्णालय केले.

१९६५ साली ते येशूसंघाचे प्रमुख झाले. व्हिएतनाममधून होड्यांतून पळणाऱ्या लोकांचे हाल पाहून १४ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांनी ‘जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस’ सुरू केली. पुढे हाँगकाँगमध्ये जून १९८८ नंतर आलेल्या व्हिएतनामींना बंदिस्त छावण्यांत ठेवून त्यांची चौकशी होऊ लागली. जो निर्वासित ठरणार नाही, त्याची परत पाठवणी. ह्या संस्थेचे वकील छावण्यांत जाऊन लोकांना चौकशीसाठी विनामूल्य साहाय्य करू लागले. माल्टासारख्या देशातही संस्थेने हेच कार्य केले.

वकील कशासाठी? कारण ही सुनावणी फौजदारी खटल्यासारखी नसते. अमेरिकेत देशाबाहेर घालवण्याच्या प्रकरणात वकील नेमता येतो. पण सरकारी खर्चाने तो सहसा मिळत नाही. परत गेल्यास जिवाला धोका असलेला माणूसही, आपले म्हणणे नीट मांडता आले नाही म्हणून हरू शकतो. अन्नवस्त्र देणे ही दया झाली. त्याचे म्हणणे ऐकले जाईल असे पाहणे हा न्याय झाला. श्रद्धा आणि न्याय यांची फारकत करता येत नाही, हा फादर अरुपे यांचा आग्रह होता.

ऑगस्ट १९८१मध्ये बँकॉकला निर्वासितांच्या सेवकांना भेटून ते रोमला परतले आणि विमानतळावरच त्यांना पक्षाघात झाला. मुक्यांना वाचा मिळवून देणाऱ्या ह्या धर्मगुरूची स्वतःची वाचा जवळजवळ गेली. जवळपास दहा वर्षांच्या आजारपणानंतर ५ फेब्रुवारी १९९१ रोजी ते देवाघरी गेले. २०१९ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यासाठीची प्रक्रिया रोममध्ये सुरू झाली.

आपल्याही काही घरांतील मुले परदेशी आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करताना, आज कुठल्यातरी कोठडीत न समजणारा कागद हाती धरून बसलेल्या परक्यालाही आठवू या. प्रभू येशू त्याच्यामध्येच आपली वाट पाहत आहे.